धाकटीच्या छातीतला आवाज

आमचं गाव खानापूर तालुक्यात. धाकटी दोन वर्षांची असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आली. डॉक्टर मॅडमनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, पुन्हा लावला. कार्डावर कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मर्मर आहे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर जादा आवाज येतोय. बेळगावला जाऊन टूडी इको करून घ्या."

मी घरी पोचेपर्यंत गल्लीत त्याचं 'काळजाला भोक' झालं होतं. एका खासगी दवाखान्यात तर नुसतं ऐकूनच सांगितलं, "आवाज फार मोठा आहे, ऑपरेशनच लागणार." ती रात्र मी तिच्या छातीला कान लावून काढली. मला धडधडीपलीकडे काही ऐकू आलं नाही.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच. जेल लावतात, दुखत नाही, फक्त लेकरानं हलायचं नाही. पडद्यावर लाल-निळे रंग उसळत होते. भोक होतं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, स्नायूच्या भागात, 3 मिलिमीटरचं.

"मग आवाज एवढा मोठा कसा?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात फुसफुसतं? भोक लहान, म्हणून आवाज मोठा."

हे वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र गेली नसती. मग त्यांनी बारीकसारीक विचारलं. अंगावर पिताना दमायची का, मध्येच सोडून द्यायची का? कपाळावर घाम? श्वास भरभर? वजन वाढतंय का? ओठ, जीभ कधी निळी पडली? यातलं काहीच नव्हतं. असली भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, म्हणाले. कित्येक निरोगी मुलांत तर भोक नसतानाही मर्मर ऐकू येतो, तापात जास्तच. पण ते ठरवायचं तपासून, अंदाजानं नाही. ओठ निळे पडले किंवा दूध पिताना धाप लागली, तर मात्र एक दिवसही थांबू नका, असंही बजावलं.

औषध काही दिलं नाही. दात स्वच्छ ठेवा, एवढं ठासून सांगितलं, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकतात.

गेल्या महिन्यात दुसरा इको झाला. भोक आता 2 मिलिमीटर. आवाज अजून येतो. पुढची तारीख वर्षानं. परतताना एसटी स्टँडवर तिनं गोड कुंदा मागितला, घेऊन दिला. घरी आल्यावर आधी दात घासून घेतले.