गार पिल्लं

जुलैचा दिवस, बेळगावात सकाळपासून झड लागलेली. त्या दिवशी विस्टार उंदरांची आठ दिवसांची पिल्लं प्रयोगशाळेच्या टेबलावर होती. एक वीण अशा मादीची, जिच्या पाठीच्या कातडीखाली गाभणपणात निकोटिनचा बारीक पंप बसवला होता; दिवसाला किलोमागे 6 मिलिग्रॅम. दुसऱ्या मादीच्या पंपात नुसतं सलाईन. पोटात असताना निकोटिन मिळालेलं पिल्लू श्वास थांबल्यावर सावरायला कमी पडतं का, हे पाहायचं होतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि मिश्री लावणाऱ्या आयाबाया ज्या भागाला नवीन नाहीत, तिथे हा प्रश्न पडतोच.

झोपेत अचानक दगावणारी बाळं बहुतेक दोन ते चार महिन्यांची असतात. श्वास थांबला की निरोगी बाळ आचके देतं, प्राणवायू हृदयापर्यंत पोचतो, ठोके वाढतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ही साखळी कुठे तुटते, ते पिल्लात पाहायचं. या वयात ठोके मंदावणारा व्हेगस मज्जातंतू हृदयावर पोचलेला असतो, ठोके वाढवणारी सिंपथेटिक बाजू मात्र अजून कच्ची. म्हणून ठोके पटकन पडतात.

पद्धत अशी. पिल्लू 200 मिलिलिटरच्या डबीत, अंगाला ईसीजीच्या तीन तारा. मिनिटाला एक लिटर वेगाने 97 टक्के नायट्रोजन आणि 3 टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडायचं. या वेगाला डबीतली जुनी हवा 95 टक्के बदलायला साधारण 36 सेकंद जातात. घाई केली तर मोजमाप चुकतं. श्वास थांबला की लगेच साधी हवा. मग दोन वेळा नोंदवायच्या : पहिला आचका कधी आला, आणि ठोके मूळ वेगाच्या 63 टक्क्यांवर कधी परतले. पाच मिनिटं थांबून पुन्हा तेच.

सकाळी सलाईनची पिल्लं झाली. अकराच्या सुमारास वीज गेली. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर होते, काम थांबलं नाही. उलट ईसीजीची रेघ इतकी स्वच्छ आली की आम्ही खूश. विजेच्या उपकरणांमुळे रेघेत मिसळणारी, रोज छळणारी 50 हर्ट्झची गुणगुण गायब. ती गुणगुण वॉटर बाथची, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पाण्याच्या भांड्याची होती, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

निकोटिनची पिल्लं सलाईनवाल्यांपेक्षा लवकर सावरू लागली. अपेक्षेच्या नेमकं उलट. चौथं पिल्लू डबीतून काढताना प्राणीगृहातले मामा म्हणाले, ‘‘सर, पिल्ली गार लागाल्यात की ओ.’’

पडद्यावर तापमान 33 दाखवत होतं. तो सेन्सर डबीखालच्या जाड धातूच्या पाटाला चिकटवलेला. पाट तासभर ऊब धरून ठेवतो. सिलिंडरचा वायू मात्र मुळातच गार आणि कोरडा. एरवी तो वॉटर बाथमधल्या नळीच्या वेटोळ्यातून कोमट होऊन येई. बाथ बंद, म्हणजे 20 ग्रॅमच्या, धड केस न फुटलेल्या जिवावर थंड झोत. थर्मामीटर लावला तर पिल्लू 28 अंशांवर.

गार पिल्लाची ऊर्जेची गरज कमी असते, त्यामुळे आचके जास्त वेळ टिकतात. हे पुस्तकात असतं. खरी मेख 63 टक्क्यांत होती. उबदार पिल्लाचे मूळ ठोके मिनिटाला 400, म्हणजे गाठायचे 252. गार पिल्लाचे मूळच 300. त्याला 189 पुरे. शर्यतीची रेघच अलीकडे ओढलेली. मूळ ठोक्यांचा रकाना समोर होता, पण नजर सावरण्याच्या सेकंदांवर.

बाळांच्या बाबतीत धोका उलट बाजूचा आहे. पावसाळ्यात कुंची, दुपटं, वर गोधडी असं गुंडाळून ठेवलेलं बाळ तापतं, आणि जास्त उष्णता ही या मृत्यूंमधली ओळखीची जोखीम आहे. म्हणजे तापमान हा इथे किरकोळ तपशील नाही, निकोटिनइतकाच तोही प्रयोगाचा भाग.

त्या विणीच्या सगळ्या नोंदी बाद केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून चालत नाही; पिल्लाला वायूचा एक अनुभव झालेला, शिवाय या वयात एका दिवसानेही उत्तर बदलतं. आणि हिशेबात आठ पिल्लं म्हणजे आठ नव्हेत, आई एक म्हणून नमुना एकच. आता बारीक थर्मोकपल (तारेसारखा तापमापक) पिल्लाच्या गुदद्वारात 5 मिलिमीटर आत असतो, 35 अंशांखाली नोंद सुरूच होत नाही. बाथही इन्व्हर्टरवर घेतलाय, त्यामुळे गुणगुण परत आली आहे.

मामांनी पिल्लांना पिंजऱ्यातल्याच भुशात घोळवलं, परका वास राहिला तर आई झिडकारू शकते. पुढची मादी व्यायला अजून बारा दिवस होते.