फिकट चौकोन

समुद्रतळातून वीजवाहिनी नेण्याच्या परवानगीच्या बैठकीत अर्जदारांच्या सल्लागाराने सील या समुद्री सस्तन प्राण्यांच्या माझ्याच नकाशातला आकडा मला वाचून दाखवला. "या चौकोनात एकाहूनही कमी हार्बर सील. म्हणजे नगण्यच." आकडा बरोबर होता. तो मीच काढला होता आणि त्यामागची प्रत्येक पायरी मला तोंडपाठ आहे. पण त्याच दिवशी सकाळी मी त्याच चौकोनातली एक सील मादी पाहून आले होते, म्हणजे तिची नोंद. तेव्हापासून हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर काम करते. सील समुद्रात कुठे किती वेळ घालवतात याचे नकाशे तयार करणं हे माझं काम. इथे सीलच्या दोन जाती आहेत. ग्रे सील अंगाने मोठे, लांब पल्ल्याचे, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरपर्यंत सहज जाणारे. जगातल्या ग्रे सीलपैकी एक तृतीयांशाहून अधिक ब्रिटनमध्ये पिल्लं घालतात. हार्बर सील लहान चणीचे आणि बहुतेक पन्नास किलोमीटरच्या आत वावरणारे. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या किंवा तळातून वीजवाहिनी न्यायची, तर परवानगी देणारा पहिल्यांदा विचारतो की इथे सील किती असतात. त्याचं उत्तर हा नकाशा. पाच किलोमीटर बाय पाच किलोमीटरचे चौकोन, प्रत्येकाला एक रंग: गडद म्हणजे जास्त, फिकट म्हणजे कमी. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या सी मॅमल रिसर्च युनिटने ही पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घडवत आणली, आणि आमचं कामही त्याच वाटेने चालतं.

रंग कुठून येतो हे बाहेरच्यांना बहुधा ठाऊक नसतं, म्हणून ते जरा सांगते.

सीलच्या मानेमागे, केसांवर, लवकर घट्ट होणाऱ्या गोंदाने टॅग, म्हणजे त्याच्या हालचाली नोंदवणारं छोटं यंत्र, चिकटवतात. श्वासासाठी सील वर येतो तेव्हा डोकं-मान पाण्याबाहेर असते, म्हणून ती जागा. वर्षातून एकदा केस गळतात, हार्बर सीलचे ऑगस्टच्या सुमाराला, आणि टॅग त्यांच्याबरोबर गळून पडतो. सील पाण्यावर काही क्षणच असतो. गाडीतल्या जीपीएसला जागा ठरवायला लागतो तेवढा वेळ मिळतच नाही. म्हणून हा टॅग सेकंदाच्या छोट्याशा भागात उपग्रहांच्या संकेतांचा एक तुकडा टिपून ठेवतो आणि जागेचं गणित नंतर होतं. त्या क्षणी किती उपग्रह दिसत होते याची नोंद सोबत येते. पाचाहून कमी असतील तर मी तो बिंदू ठेवत नाही. शिवाय टॅगला पाण्याची खोली कळते, आणि आपण ओले आहोत की कोरडे हेही. दहा मिनिटं सलग कोरडा राहिला की सील किनाऱ्यावर आला असं तो धरतो. पुन्हा चाळीस सेकंद सलग ओला झाला की पाण्यात गेला.

ही सगळी माहिती टॅगच्या आतच साठत राहते. सील मोबाईलच्या रेंजमध्ये आला की साध्या फोनच्या जाळ्यावरून ती आमच्याकडे येते. रेंज नसेल त्या खडकावर सील कितीही दिवस पडून राहिला तरी आम्हाला पत्ता नसतो. मग एके दिवशी सगळं एकदम येतं. आधीच्या पिढीतले टॅग जागा ठरवायला आर्गोस या उपग्रहांच्या जाळ्याच्या भरवशावर होते. त्यात जागेची चूक काही किलोमीटरचीही असू शकते. पाच किलोमीटरच्या चौकोनात एवढी चूक म्हणजे सील थेट शेजारच्या घरात जाऊन बसतो. जुन्या नोंदी नव्यांच्या शेजारी ठेवण्याआधी त्यांच्यावर किती संस्कार करावे लागतात हे कुणी विचारत नाही. मला मात्र या भागाचा अभिमान आहे. एकेका बिंदूची शहानिशा केल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि जे सहकारी "यंत्र करेल की साफ" म्हणून मोकळे होतात त्यांचे नकाशे मला नेहमी थोडे गुळगुळीत वाटतात.

पण टॅगमधून निघते ती रेघ, एका जनावराची. कोकणात 2022 साली वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांना उपग्रह टॅग लावले, तेव्हा घरून मला जवळजवळ रोज नकाशे येत होते. 'प्रथमा' कुठवर गेली, आता कुठे वळली. पहिल्यांदाच कोकणातलं कासव अंडी घालून गेल्यावर कुठे जातं ते दिसत होतं, आणि लोकांनी त्यात जीव गुंतवला याचा मला फार आनंद झाला. तरी पाच माद्यांच्या रेघांवरून कोकणची सगळी कासवं कुठे असतात हे सांगता येणार नाही, आणि ते काम करणाऱ्यांनीही तसा दावा केला नव्हता. रेघ खरी असते. पण रेघेवरून कळपापर्यंत पोचायला मध्ये बरंच काही लागतं.

आमच्याकडे ते असं होतं. सील ठराविक पुळणीवरून निघतो आणि बहुतेक वेळा फिरून तिथेच येतो. त्याच्या पल्ल्यात असलेल्या समुद्रातले कितीतरी बिंदू आम्ही आडवेतिडवे उचलतो: इथेही तो जाऊ शकला असता. मग तो जिथे खरोखर गेला त्या जागा आणि जाऊ शकला असता त्या जागा यांची तुलना. खोली किती, तळाशी वाळू की चिखल की खडक, उतार कसा, पाणी किती गार, भरती-ओहोटीची ओढ किती, आणि निघाल्या ठिकाणापासून पाण्यातून अंतर किती. जमीन मध्ये आली तर वळसा घालूनच मोजायचं. उडत जाणारा सील नसतो. यातून सीलची आवड कळते, आणि ती आवड टॅग न लावलेल्या सीलनाही लागू धरता येते.

शेवटची पायरी मोजणीची, आणि सगळा घोळ तिथेच आहे. ऑगस्टमध्ये ओहोटीच्या वेळी हवाई पाहणी होते. स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासह हेलिकॉप्टर फिरतं, कारण खडकावरचा सील नुसत्या डोळ्यांना खडकच वाटतो. किनाऱ्यावर दिसले ते सगळे नव्हेत. काही त्या वेळी पाण्यात असतात. केस गळण्याच्या दिवसांत हार्बर सीलपैकी सुमारे 72 टक्के बाहेर असतात, तर त्याच पाहणीत ग्रे सीलपैकी जेमतेम पाव. या प्रमाणाने आकडा वाढवायचा, मग तो आवडीच्या नकाशावर पसरायचा. टॅगसाठी पैसे मिळतात, कारण त्यातून रेघा निघतात आणि रेघा दाखवता येतात. मोजणीसाठी पैसे मागताना मात्र दरवर्षी तोंड कोरडं पडतं. पण ज्या नकाशाखाली ताजी मोजणी नाही त्याच्या रंगावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता ते घोळाचं. आमच्या पूर्व किनाऱ्यावरचं टे नदीचं मुख आणि ईडनची खाडी हा हार्बर सीलसाठी राखलेला संरक्षित भाग. 2000 च्या सुमाराला तिथे मोजणीत शेकड्यांनी सील दिसत. तेव्हापासून आजवर घट सुमारे 95 टक्के. मोजणीत आता मूठभर दिसतात. कारण अजून पक्कं झालेलं नाही. ग्रे सीलशी खाण्यासाठी स्पर्धा, ग्रे सीलकडून होणारे हल्ले, शैवालातून माशांत उतरणारं विष, असे कितीतरी संशयित आहेत. मोजणी खाली आली की नकाशावरचा आकडाही त्याच मापाने खाली येतो. तळ तोच, वाळू तीच, सीलची आवडही तीच. तरी चौकोन फिकट होतो, कारण तिथे जाणारे उरलेत कमी.

त्या सकाळी संगणकावर एका मादीची नोंद उतरली. वसंतात टॅग लावलेली प्रौढ मादी. बरेच दिवस तिच्याकडून काही आलं नव्हतं, आणि आमच्या फील्डच्या तुकडीची प्रमुख, जी सहसा घाबरत नाही, तीसुद्धा दोनदा येऊन विचारून गेली होती. उत्तरेकडच्या कुठल्यातरी रेंज नसलेल्या खडकावर ती जाऊन आली असावी. ती ओळखीच्या पुळणीवर परतली आणि साठलेलं सगळं एकदम आलं. मी नेहमीप्रमाणे आधी उपग्रहांचे आकडे तपासले, वेग तपासला, मग रेघ काढली. ती पुन्हा पुन्हा समुद्रातल्या एकाच पट्ट्यात जात होती. बुड्या सपाट बुडाच्या होत्या: सरळ तळाशी, तळावर बराच वेळ, मग सरळ वर. सील तळाशी अन्न शोधतो तेव्हा बुडीचा आकार असाच निघतो. वाळूत दडणारे सँडईल मासे त्या बाजूच्या उथळ पट्ट्यांवर असतात, तेव्हा नवल काहीच नव्हतं. प्रमुख खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "कामाला लागलीय बाई." आणि निघून गेली. मी त्या पट्ट्यावर चौकोनांची जाळी टाकली. तिची निम्मीअधिक बुडण्याची ठिकाणं एका फिकट चौकोनात होती. दुपारच्या बैठकीतला केबलचा मार्ग त्याच चौकोनातून जाणार होता. परवानगीचा अर्ज अजून चालू असल्यामुळे जागा लिहीत नाही.

बैठकीत मी ती रेघ दाखवली. सल्लागार सभ्य माणूस होता, तयारी करून आला होता. तो म्हणाला, "एका सीलने तुमचा नकाशा बदलतो का?" नाही बदलत, मी म्हणाले, आणि ते खरंच आहे. एका जनावराच्या एका वसंतावरून नकाशा हलवायला लागलो तर तो नकाशा राहणार नाही. मग त्याने तो आकडा वाचला आणि 'नगण्य' हा शब्द वापरला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका निसर्गसंस्थेची बाई होती. तिने लगेच रेघेवर बोट ठेवलं: "हे तर तिचं घर आहे. इथे काम सुरू झालं की सील कायमचे पळतील." हेही मला मान्य करता येईना. इंग्लंडमधल्या वॉशच्या उपसागरात टॅग लावलेल्या हार्बर सीलनी पवनचक्कीचे खांब ठोकले जात असताना पंचवीस किलोमीटरपर्यंतचा समुद्र टाळला होता. पण ठोकणं थांबल्यावर दोन तासांच्या आत ते पुन्हा नेहमीसारखे पसरले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर काही सील उभ्या पवनचक्क्यांच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे ओळीने जात, तिथेच खात असल्याचं दिसलं होतं. सील पळतात की येतात हे काम कुठलं, कधी आणि किती दिवस यावर ठरतं.

मग मी सल्लागाराला विचारलं, "नगण्य कशाच्या तुलनेत?" देशभरातल्या हजारो हार्बर सीलच्या तुलनेत असेल, तर तो चौकोन नगण्य आहे. पण त्या खाडीत उरलेल्या सीलच्या तुलनेत? तीच आकडेवारी घेऊन मी जागच्या जागी भागाकार करून दाखवला. चौकोनातला सील भागिले त्या संरक्षित भागातले सील. फिकट चौकोन गडद झाला. टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही, आणि मग अध्यक्षांनी विचारलं ते मला अजून छळतं: "मग आम्ही कुठला नकाशा वापरायचा?"

मी म्हणाले, दोन्ही. एक सांगतो समुद्रात सील कुठे आहेत, दुसरा सांगतो या कळपाला समुद्रातलं काय हवं आहे. कळप भरलेला असतो तेव्हा दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. कळप आटला की ते दूर जातात, आणि नेमक्या त्याच वेळी परवानगीचे निर्णय पहिल्या नकाशावर होतात, कारण त्यात आकडा सरळ वाचता येतो. सीलची संख्या जितकी घटेल तितकं त्यांच्या समुद्रात बांधकाम करणं कागदावर सोपं होत जातं. हे कुणी मुद्दाम करत नाही. सल्लागाराने तर प्रत्येक ओळ नियमाप्रमाणे भरली होती. पण अर्जाच्या कोष्टकात एकाच आकड्याची जागा आहे, दुसऱ्याची नाहीच.

अध्यक्षांना उत्तर पुरेसं वाटलं की नाही, कळलं नाही. त्यांचं म्हणणंही मला समजतं: दोन नकाशे दिले की प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा उचलते. बाईंनी दुसऱ्या दिवशी मागितला तो फक्त गडद नकाशा. सल्लागाराच्या अहवालात गेला तो फक्त फिकट. त्रुटीची वरची-खालची मर्यादा दोघांनीही वगळली, आणि इतक्या कमी सीलवरून काढलेल्या गडद नकाशाची ती मर्यादा खरोखरच रुंद आहे. टॅग लावायलाच सील उरले नाहीत, तर आवड तरी कुणाची मोजणार?

तेव्हापासून आमच्या गटाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नकाशासोबत मी दोन्ही नकाशांच्या आकड्यांचे रकाने एकाच फाईलमध्ये देते, मर्यादांसकट, आणि एक रकाना वेगळा काढून द्यायला नकार देते. एका सहकाऱ्याच्या मते मी शास्त्रज्ञाचं काम सोडून वकिली करते आहे. त्याच्याशी वाद चालू आहे. माझं म्हणणं असं की फक्त पहिला रकाना देणं हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे, फक्त ती सवयीची झाल्यामुळे दिसत नाही. ऑगस्टची मोजणी आली की खाडीचा आकडा बदलेल आणि दोन्ही नकाशे पुन्हा काढावे लागतील. केबलच्या मार्गाची पुढची बैठक त्यानंतर आहे.