क्रियापद शेवटी

"काय वाची ऱ्हायनी तू?" पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजता भाजता आईने माझ्या पुतणीला विचारलं.

"जर्मन. पण मला नाही जमायचं, आजी. घरात अहिराणी बोलणाऱ्यांची जीभ तिकडे वळत नाही, असं क्लासमध्ये म्हणाले."

दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी तिची वही घेतली. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागेवर: 'इश ट्रिंके हॉयटे टे', मी आज चहा पिते. 'आज' पुढे आणलं तरी क्रियापद जागा सोडत नाही: 'हॉयटे ट्रिंके इश टे'. हो-नाहीच्या प्रश्नात तेच सगळ्यात पुढे: 'ट्रिंक्स्ट डू टे?' सगळं बरोबर होतं. किती सुबक अक्षर पोरीचं!

लाल गोल एकच. 'वाइल इश बिन म्यूडे.' वाइल म्हणजे कारण, आणि त्याच्या मागून येणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं.

तिला म्हटलं, 'बिन' शेवटी ने आणि एकेका शब्दाखाली मराठी लिही. वाइल, कारण. इश, मी. म्यूडे, थकलेली. बिन, आहे.

कारण मी थकलेली आहे.

ती वहीकडे बघतच राहिली. मग ओरडली, "आजी, हे तर आपल्यासारखंच!" वांग्याची काळी साल तशीच हातात धरून आई हसली.

जन्मापासून जिने क्रियापद शेवटी ठेवलं, तिला तिचीच बोली आड येते, हे कुणी कशाच्या जोरावर सांगतं?