दळायचं राहिलेलं शिसं

परवा बल्गेरियाहून दगडांच्या अदलाबदलीतलं खोकं आलं. चपलांच्या खोक्याच्या निम्मं असेल, तरी पोस्टमन म्हणाला, "भाऊ, लोखंड मागवलं का?" आत गॅलेना. शिशाचा कच्चा दगड. चंदेरी-काळे ठोकळे एकमेकांत घुसलेले, कडेला पांढऱ्या गारगोटीच्या कांड्या. त्याच मापाचा आपला जळगावचा अपोफिलाइट नावाचा स्फटिक दुसऱ्या हातात घेतला, तर तो तिपटीनं हलका.

वडील खडीच्या खाणीवर मुकादम होते. सुरुंग उडाला की काळ्या दगडात कधी पोकळी निघायची. आत हिरवा अपोफिलाइट, मोतिया स्टिल्बाइट, असे स्फटिक. बरंचसं तसंच क्रशरमध्ये जायचं. जगभरच्या संग्राहकांकडे अशा दगडांच्या चिठ्ठीवर 'जळगाव' लिहिलेलं असतं, पण गावात विचारा, लोक सोनं आणि केळी सांगतील.

खोक्यातला दगड मादानचा. रोडोपी डोंगरातलं छोटं गाव, पलीकडे ग्रीसची हद्द. नावच तुर्कीतल्या 'मादेन'वरून, म्हणजे खाण. शिसं आणि जस्त तिथलं पोट. 'गोरुब्सो' या बल्गेरियन-सोव्हिएत कंपनीच्या काळात वस्ती वाढली, १९५३ साली शहराचा दर्जा मिळाला. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर कामं घटली, माणसंही. १८ ऑगस्टला संत इवान रिल्स्कीच्या नावानं खाणकामगारांचा दिवस असतो. आपल्याकडे खंडेनवमीला घण-सब्बलीला हळदकुंकू लागतं, तसंच काहीसं असावं.

पण तिथं तर स्फटिक हाच माल! आपली पोकळी खडीवाल्याला नकोशी; त्यांचं गॅलेना मात्र गिरणीत दळून शिसं काढायलाच वर येतं. कुणीतरी हा तुकडा गाडीत टाकायच्या आधी बाजूला ठेवला, म्हणून तो माझ्या टेबलावर आहे. तो माणूस कोण, हे चिठ्ठीवर नसतं. फक्त खाणीचं नाव: बोरिएवा.

वडिलांच्या हाताखाली ड्रिल मारणारे आप्पा आले होते. दगड उचलला आणि म्हणाले, "हाऊ दगड नही भो, शिसं शे." मी कुठं काही सांगितलं होतं! चाकूच्या टोकानं कोपरा जरा दाबला, तर कपची निघाली तीही चौकोनी. मी हात धुवायला लावले, तर हसले.

बदल्यात मी मेसोलाइट, म्हणजे केसासारखे बारीक स्फटिक, पाठवलं होतं, ते फुटलं. चूक माझीच. कापसात गुंडाळलं, केस कापसात अडकतात आणि सोडवताना तुटतात, हे वीस वर्षं माहीत असून. समोरच्यानं तक्रार केली नाही, त्यानं जास्तच लाज वाटली. आता दुसरा नग बांधतोय. हवेत तरंगता राहील असा, खाली फक्त दगडाचा बूड चिकटवून. आप्पांचं म्हणणं, "सोपटमा बांध ना भो." केळीचं वाळलेलं सोपट बघून तिकडचे कस्टमवाले काय करतील, देव जाणे.