सत्त्याऐंशी नंबरचं पान

आमच्या पतसंस्थेच्या कार्यपद्धती पुस्तिकेला शाखांमध्ये ‘ठोकळा’ म्हणतात. ४१२ पानं, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. १४ शाखांत १४ ठोकळे, आणि मुख्य कार्यालयात त्याची वर्ड फाइल. फाइलचं नाव ‘फायनल नवीन फायनल २’. ‘हे सगळं मोबाइलवर नीट दिसेल असं करा’ असं संचालकांच्या सभेत ठरलं, तेव्हा ते काम कुणाच्या गळ्यात पडणार हे विचारायचीही गरज नव्हती. ईडीपी, म्हणजे संगणक विभागात मी एकटीच आहे. त्याआधी व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरायची, पण दोन बोटांनी ताणत, सरकवत ती कोण वाचणार? लोक सरळ मला फोन लावायचे.

सुरुवात मी सगळ्यात सोप्या वाटेनं केली. वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘वेब पेज’ असतं, ते दाबलं. निघालं ते एकच लांबलचक पान, अंगठा दुखेपर्यंत खाली सरकवा. वर्डनं प्रत्येक परिच्छेदाला आपला समास आणि फॉन्ट असा काही चिकटवला होता की मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी. कहर म्हणजे तळाशी जुन्या कॉमेंट्सही उमटल्या होत्या. त्यातली एक, ‘हा नियम शाखेत कोणीच पाळत नाही, काढायचा का?’ नशीब, ते पान माझ्याच मशीनवर होतं.

मग पॅनडॉक सापडलं. फुकट मिळतं, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की वर्डची फाइल वेबपानाच्या रूपात बाहेर. २००६ पासून आहे आणि लिहिलंय जॉन मॅकफार्लेन या बर्कलीतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी. तत्त्वज्ञानाच्या माणसाला फायलींच्या या उठाठेवीत काय गोडी वाटली असेल, कोण जाणे. माझं मात्र भलं झालं. जुनी डॉक फाइल त्याला वाचता येत नाही, ती आधी डॉकएक्समध्ये सेव्ह करावी लागली. पुढचं काम काही सेकंदांत झालं.

आणि त्यात एकही मथळा नव्हता.

मथळे होते, पण ते फक्त माणसाच्या डोळ्यांना. वर्षानुवर्षं ज्यांनी ज्यांनी टाइप केलं, त्यांनी अक्षर ठळक केलं, आकार १६ केला, खाली रेघ मारली आणि स्पेसबार दाबून दाबून ओळ मध्यभागी आणली. पॅनडॉक मथळा ओळखतं ते ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइलवरून. बाकी सगळा त्याच्या लेखी नुसता जाड मजकूर. यावर वर्डमध्येच एक सोय आहे, ती मला बारा वर्षं माहीत नव्हती. एका मथळ्यावर कर्सर ठेवायचा, ‘होम’मध्ये उजवीकडे ‘सिलेक्ट’खाली ‘सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’ दाबायचं, की तसे दिसणारे सगळे मथळे एकदम निवडले जातात. मग एका क्लिकमध्ये स्टाइल. आमच्याकडे पाच टायपिस्टांचे पाच तऱ्हेचे जाड मथळे निघाले. दोन दिवस गेले, पण ते सत्कारणी लागले म्हणायचं.

खरा घाम फोडला फॉन्टनं. निम्मा ठोकळा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये होता, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीचा. कागदावर सुरेख मराठी, पण आत संगणकाच्या दृष्टीनं ती मराठी नसतेच. साठवलेली असतात रोमन चिन्हं, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. वेबवर मुखवटा उतरला की दिसतो गिचमिडीचा ढीग, त्यात डोक्यावर दोन टिंबं असलेला रोमन ‘ओ’ जिकडेतिकडे. तो म्हणजे आपला काना. हे कळल्यावर मला त्या ढिगाची भीतीच वाटेनाशी झाली. फाइंडमध्ये फॉन्टचं नाव देऊन तो मजकूर वेगळा केला आणि जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला. नव्वद टक्के बरोबर आला. उरलेल्या दहा टक्क्यांत दोनच गुन्हेगार, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची असते. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गोंधळतो. ‘स्थिती’ या शब्दातली पहिली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी लटकलेली मी इतक्यांदा पाहिली, की स्वप्नातही तेच वर्तुळ.

एक दोष तर दिसतच नव्हता. ‘अधिकाऱ्याची सही’ सर्चमध्ये टाकलं की काही पानं सापडायची, काही नाही. अक्षरं तर हुबेहूब तीच. झालं होतं असं, की ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. कुठे नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’, कुठे साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एक, संगणकाला दोन. सगळीकडे पहिली तऱ्हा करून टाकली.

चित्रांचं फारसं सांगत नाही. डॉकएक्स ही आतून झिप फाइल असते, नाव बदलून उघडली की ‘मीडिया’ फोल्डरमध्ये सगळी चित्रं मिळतात. कर्जमंजुरीचा बाण-चौकोनांचा तक्ता मात्र कुणीतरी वर्डमध्येच आकार काढून केलेला, तो वाटेत गायब झाला. मी त्याच्या सरळ सात ओळी लिहिल्या. लोकांना त्याच जास्त आवडल्या.

इथवर मला वाटत होतं, काम संपलं. मग एका शाखेत जाऊन बसले. काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, खातेदार वारले आहेत आणि मुलगा पैसे मागायला आलाय, काय करायचं ते यात शोधा. त्यांनी ‘वारस’ टाइप केलं. काहीच नाही. ठोकळ्यातला मथळा होता, ‘मयत सभासदाच्या ठेव रकमेचे नामनिर्देशित व्यक्तीस प्रदान’. नुसता शब्द बदलूनही भागेना, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हाती पैसे दिले, तरी वारसांचा हक्क उरतोच. म्हणून वर बोलीतला मथळा दिला, ‘खातेदार वारल्यास पैसे कोणाला?’, खाली जुना तसाच ठेवला आणि पहिल्याच ओळीत नॉमिनी व वारस यांतला फरक लिहिला. असे १६० मथळे पुन्हा लिहिले. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर करून देणार नव्हतं. त्यासाठी काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसावं लागलं, चहा पिऊन पिऊन पित्त झालं.

वसुलीच्या काकांनी तर मोबाइल हातातही घेतला नाही. “मॅडम, मला सत्त्याऐंशी नंबरचं पान दाखवा.”

८७ व्या पानावर सहकार कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली थकीत कर्जाच्या वसुली दाखल्यासाठी अर्ज कसा करायचा ते आहे. कर्जरोखा, खातेउतारा, जामीनदारांना पाठवलेल्या नोटिसांच्या पोचपावत्या, सगळी जंत्री. काकांना कलम पाठ, पान पाठ. मी अभिमानानं म्हणाले, “काका, वेबवर पानं नसतात.” ते शांतपणे म्हणाले, “मग नोटशीटवर काय लिहू? ‘पान ८७ प्रमाणे कार्यवाही’ असं वीस वर्षं लिहितोय.”

तेव्हा लक्षात आलं, की ठोकळ्याच्या आतही जागोजागी ‘पान ११२ पाहा’ आहे, आणि मी ते सगळं तसंच वेबवर नेऊन ठेवलंय. बघायला पानच नाही! फॉन्ट बदलल्यामुळे वर्डमधले पान क्रमांकही छापील ठोकळ्याशी जुळेनात. शेवटी छापील ठोकळाच घरी आणला. आई चष्मा लावून प्रत्येक पानाचे पहिले चार शब्द वाचायची, मी फाइलमध्ये तिथे खूण टाकायची. “हे काय गं, ‘बोजा’ कसला चढवता तुम्ही?” असे प्रश्न मध्ये मध्ये. चार रात्री लागल्या. आता समासात करड्या रंगात जुना पान क्रमांक दिसतो, सर्चमध्ये ‘८७’ टाकलं की नेमकं तिथे जाता येतं, आणि ‘पान ११२ पाहा’वर बोट ठेवलं की ११२ उघडतं.

परवा नवीन लागलेल्या मुलीनं विचारलं, “मॅडम, हे बाजूला आकडे कसले आहेत? काढून टाकले तर पान स्वच्छ दिसेल.” तिनं ठोकळा पाहिलेलाच नाही. मी म्हटलं, राहू दे. काकांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.