केबल बदलली, सेट तोच: परतवाड्याहून टू-मीटरची नोंद

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या टू-मीटर (व्हीएचएफ) पट्ट्यासाठी मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उभा झाला. जमिनीपासून ९ मीटर, वर क्वार्टर-वेव्ह (पाव लहरीची) ग्राउंड प्लेन अँटेना. उभा काटा जेमतेम अर्ध्या मीटरचा. खरा फरक मात्र केबलने पडला. आधीची २० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल टू-मीटरवर जवळजवळ ४ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घट-वाढीचं माप) खात होती, म्हणजे सेटमधून २५ वॅट निघाले तरी अँटेनापाशी जेमतेम १०. जाड आरजी-२१३ टाकली तर १६-१७ पोचतात. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १.३; म्हणजे ठीकच. अंजनगावकडचा जो सिग्नल खरखरीत बुडायचा, तो आता शब्दन्‌शब्द कळतो.

दुकानात यातलं काहीच सुचवलं गेलं नव्हतं. तिथे एकच धोशा, "भाऊ, पन्नास वॅटचा घेऊन टाका." पंचविसाचे पन्नास केले की मिळतात ३ डीबी. सेटच्या सिग्नल-मीटरवरचा एक एस-पॉइंट ६ डीबीचा. म्हणजे त्या सगळ्या पैशात अर्धा एस-पॉइंट. दुकानदार खोटं बोलत नव्हता, वॅट दुप्पट होतात हे खरंच आहे. पण कमाई सेटवर, मीटरभर केबलवर काय सुटणार? त्यामुळे सल्ला सेटपाशीच येऊन थांबतो.

मावसभावासोबत गेलो तेव्हा तर कहरच. त्याला संत्र्याच्या बगीच्यात गड्यांशी बोलायला सेट हवे होते. बगीचा किती एकराचा, मधात नाला आहे का, झाडं किती उंच, एकही प्रश्न नाही. थेट खोका पुढे: पाच वॅट, यूएचएफ (व्हीएचएफच्या वरचा, आखूड लहरींचा पट्टा), "पंधरा किलोमीटर चालते." हातातला सेट दीड मीटरवर धरला तर रेडिओचं क्षितिज ५ किलोमीटरवर, दोघांचं मिळून १०, तेही सपाट उघड्या रानात. ओल्या पानांतून यूएचएफ व्हीएचएफपेक्षा लवकर दमतं, त्यामुळे पावसाळ्यात तर बोलायलाच नको. लायसन्सचं विचारलं तर म्हणे, "खेड्यात कोण पाहून राह्यलं?" तिथेच मी भावाला उठवलं. आपलं हॅम लायसन्स हौसेपुरतं, त्याच्या धंद्याला चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. अशा यूएचएफ वॉकी-टॉकीला विनापरवाना मोकळा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तोही अर्ध्या वॅटचा. यूएचएफवर पाच वॅट हवे तर परवान्यासाठी डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस परवाना विभागाची, वाट धरावी लागेल.

दुसऱ्या एका दुकानदाराने मात्र आधी वावराचा नकाशा मोबाइलवर मागितला. म्हणाला, "दादा, दोन सेट नेऊन पाहा, नाही पटले तर परत आणा." अर्ध्या वॅटचे ते सेट धुऱ्यापर्यंत स्वच्छ चालले, नाल्यापलीकडच्या विहिरीवर मेले. भावाने तरीही ठेवले. विहिरीवरच्या गड्याला चढावर येऊन बोलायला सांगितलंय. यात दुकानदाराचा गल्ला फारसा भरला नाही, पण पुढची खरेदी तिथेच होणार.

आता उत्तरेकडचं काम. गाविलगडाच्या रांगेमागे धारणीकडे माझा आवाज पोचतच नाही, आणि डोंगरापुढे पन्नास वॅटही तेवढेच हतबल. हँडी (हातातला सेट) घेऊन चिखलदऱ्याला चढायचंय. ११०० मीटरच्या आसपासची उंची फुकटात मिळते, तर घ्यावी. त्याआधी केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप गुंडाळायची आहे, नाहीतर मृगातच पाणी शिरेल. अमरावतीत ती टेप सुटी कुठे मिळते ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा; मला दाखवली ती साधी वायरिंगची काळी होती, आणि "तेच आहे भाऊ" हेही ऐकून घेतलं.