सीनियर डीबीए: वर्षं मोजायची की रिस्टोर?

जर्मनीच्या ब्लू कार्डाचा (कुशल परदेशी लोकांच्या राहण्या-कामाच्या परवान्याचा) एक नियम आपल्याकडच्या डीबीएंनी, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी, नीट वाचावा. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्याला पदवी नसली तरी चालतं, पण गेल्या ७ वर्षांत पदवीच्या तोडीचं किमान ३ वर्षं काम केलेलं असावं लागतं. त्याआधीचं काम या हिशेबात धरतच नाहीत. मला हे मनापासून पटतं.

सीनियर कोण, हे एका प्रश्नात कळतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर दुपारी १४:३२ ला कुणीतरी ‘व्हेअर’ (कुठल्या रो उडवायच्या ती अट) न लावता डिलीट चालवला. आता?

जाणकार माणूस प्रॉडक्शनवर, म्हणजे वापरात असलेल्या डेटाबेसवर, रिस्टोर (बॅकअपमधून डेटा परत आणणं) करत नाही. १४:३२ च्या आधी पूर्ण झालेला बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) तो वेगळ्या सर्व्हरवर उतरवतो, रिस्टोर कमांडमध्ये वॉल आर्काइव्हचा (प्रत्येक बदलाची नोंद साठवलेल्या फाइलींचा) पाथ देतो, टार्गेट टाइम, म्हणजे त्या नोंदी कुठवर पुन्हा चालवायच्या ती वेळ, १४:३१:५० ठेवतो आणि रिकव्हरी सिग्नलची रिकामी फाइल बनवून सर्व्हर सुरू करतो. घात होतो तो टाइमझोनचा. वेळेपुढे जर्मनीचं +०१ (उन्हाळ्यात +०२) लिहिलं नाही आणि सर्व्हर यूटीसीवर असला, की रिकव्हरी तास-दोन तास पुढे जाते आणि तो डिलीटही पुन्हा चालतो. मग बेस बॅकअपपासून सगळं पहिल्यापासून. उलट रिकव्हरी आधीच थांबली, तर टार्गेट पुढे सरकवून तिथूनच चालू ठेवता येते. म्हणून वेळ नेहमी थोडी आधीचीच द्यावी. थांबल्यावर आधी क्वेरी मारून डेटा तपासायचा, मगच उडालेल्या रो प्रॉडक्शनला न्यायच्या. फॉरेन कीवर (दोन टेबलं जोडणाऱ्या दुव्यावर) कॅस्केड असेल तर चाइल्ड टेबलातल्या रोही गेलेल्या असतात, आणि नेमकं तेच विसरतात.

हे कुणाला पाच वर्षांत येतं, कुणाला पंधरा वर्षांतही येत नाही. हिंजवडीत रात्रपाळीला ढिगाने डेटाबेस इन्स्टन्स सांभाळणाऱ्यांना मी कमी लेखणार नाही. आर्काइव्ह अडकून डिस्क भरल्यावर पीजी-वॉल या फोल्डरमधल्या, बदलांच्या नोंदींच्या १६ एमबीच्या फाइली हाताने उडवायच्या नसतात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. पण रिस्टोरचा निर्णय क्लायंटकडे आणि आपल्याकडे फक्त तिकीट, अशी वर्षं कितीही साठली तरी निर्णयाची सवय कुठून येणार? आणि जर्मनांनीही फार शहाणपण शिकवू नये. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, सरकारी वेतनश्रेणीत सहाव्या पायरीला पोचायला एरवी १५ वर्षं लागतातच.

इथे नोकरी सोडताना केलेल्या कामांचं तपशीलवार प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो आपल्याकडेही हवा होता. तोवर सीव्हीत वर्षांच्या खाली डेटाबेस किती टीबीचा, शेवटचा रिस्टोर ड्रिल (सरावाचा रिस्टोर) कधी केला, त्याला किती वेळ लागला आणि किती मिनिटांचा डेटा गेला, हे लिहा.